तीन टिक झाल्यावर वळायचं

६ फेब्रुवारी

दादा,

पत्राच्या डोक्यावर काय लिहावं हे ठरवण्यात दोन कागद गेले. शेवटी नुसतं 'दादा' लिहिलं. अकरा वर्षं हाक मारली नाही म्हणून हाक बदलत नाही.

लिहिण्याचं कारण साधं आहे. डेपोमागची शेड पाडणार आहेत, त्यामुळे मी तिथली जागा सोडतोय. सामान काढताना अण्णांची पत्र्याची पेटी निघाली. झाकणावर तू खिळ्याने तुझं नाव कोरलं होतंस, त्याखाली माझं, तुझ्यापेक्षा दोन सूत लहान अक्षरांत. (मोजलं. हसू नकोस.) आत तुझा एक कान तुटलेला दहा-बाराचा पाना आहे आणि तुझ्या पहिल्या गाडीच्या हॉर्नचं बटण. पाठवू की इथेच ठेवू, ते कळव.

माझं ठीक चाललंय. बसला कुणी धडकलं, बस कुणाला धडकली, की चूक कोणाची ते ठरवायला मलाच बोलावतात. डेपोवाले, विमा कंपनीवाले, कधी कोर्टही. इंजिनियर झालेली मंडळी मला 'सर' म्हणतात आणि शिक्षण किती विचारलं की मी 'सातवी' असं जरा मोठ्यानेच सांगतो. तुला माझा स्वभाव माहीत आहे.

आणखी एक, कामाचं. तू चालवलीस ती शेवटची बस. तिचा इंडिकेटर लावला की टिकटिक घाईघाईने व्हायची की सावकाश? हे कुठल्याच कागदावर नोंदवत नाहीत. मला एका तपासणीसाठी हवंय. एका ओळीत कळवलंस तरी पुरे.

वहिनींना नमस्कार.

धाकटा


१९ फेब्रुवारी

दादा,

टपाल जायला तीन दिवस, यायला तीन, लिहायला दोन आणि आळसाला दोन धरले. वर तीन दिवस माझ्यातर्फे दिले. म्हणजे तू लिहिणार नाहीस. चालेल, मी लिहितो. माझं बोलणं मध्येच तोडायची तुला सवय होती, पत्रात ती सोय नाही.

काल शेडमागच्या भंगारात आपली लहानपणी खेळायची बस शोधत हिंडलो. नाहीये. कधीच वितळवली असेल. तेव्हाही तिला पुढची काच नाही, सीट नाही, चाकांच्या जागी ओंडके. तू दहा-अकरा वर्षांचा, मी पाचाचा. तू ड्रायव्हर. मी कंडक्टर, प्रवासी आणि समोरून येणारा ट्रकसुद्धा. बॅटरी नव्हती, म्हणून इंडिकेटर तोंडाने. "टिक, टिक, टिक, आता वळ." मी एकदा दुसऱ्याच टिकेला वळणाच्या बाजूला वाकलो. तू तोंडाने करकचून ब्रेक मारलास आणि म्हणालास, "उतर खाली. मागच्याला कळायच्या आत वळणारा माणूस मला माझ्या गाडीत नको." मी खरंच उतरलो आणि रडत घरी गेलो. अण्णांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "दादाने मला रस्त्यात उतरवलं." अण्णा हसता हसता खोकायला लागले.

पुढे खरी गाडी शिकवलीस तेव्हाही तेच. शेजारी बसून तू माझ्या गुडघ्यावर बोटाने तीनदा ठोकायचास, मग म्हणायचास, "हं." तुझ्या गाडीत बसलेल्या कुणालाही विचारावं, तीन टिक झाल्याशिवाय तुझं चाक वळायचं नाही. मी मात्र खिडक्यांमधलं अंतर दोऱ्याने मोजत बसायचो, म्हणून तू मला 'फूटपट्टी' केलंस. अख्ख्या वर्कशॉपमध्ये तेच नाव पडलं. आता त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही.

कामाचं विचारलं होतं त्याचं सांगतो. महिन्यापूर्वी बाजारनाक्यावर बस आणि कारची टक्कर झाली. बस उजवीकडे वळत होती, कार मागून उजवीकडूनच पुढे काढत होती. बसच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात घुसली. जीव वाचले, कारवाल्याच्या बरगड्या गेल्या. कारवाला म्हणतो, बसने इंडिकेटर दिलाच नाही. बसचा ड्रायव्हर म्हणतो, दिला होता. मला म्हणाला, "साहेब, पोरीची शपथ, दिला होता." मी म्हणालो, "सगळेच म्हणतात."

मग मी माझं नेहमीचं केलं. मागच्या दिव्यातून इंडिकेटरचा बल्ब काढला, कापसात गुंडाळला, घरी आणून भिंगाखाली धरला. तुला मी हे पूर्वी सांगितलेलं आहे, तरी पुन्हा सांगतो. दिवा लागलेला असला की आतली तार तापून मऊ झालेली असते. धक्का बसला की ती तुटायच्या आधी ताणली जाते, वेटोळी सैल पडतात. दिवा बंद असेल तर तार थंड आणि कडक. ती ताणत नाही, कट्कन तुटते, टोक चकचकीत राहतं. रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलेल्या पुस्तकात हे होतं. डिक्शनरी मांडीवर घेऊन सहा महिन्यांत मी ते पुस्तक पाठ केलं. सगळ्या जिल्ह्यात हे करणारा मी एकटा.

या बल्बची तार चकचकीत निघाली. म्हणजे दिवा बंद. अहवाल अर्धा लिहून झाला होता.

तुझ्या बल्बचीही तशीच निघाली होती. ते मी विसरलेलो नाही, एवढंच.

धाकटा


५ मार्च

दादा,

वहिनींचा फोन आला होता. तुला माहीत नसेल तर आता माहीत झालं, त्यांना रागावू नकोस.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमचं पत्र आलं की हे वाचतात, पुन्हा घडी घालून पाकिटात ठेवतात आणि अंगणात जाऊन उभे राहतात. काय लिहिता हो एवढं?"

मी म्हणालो, "जुन्या आठवणी."

"जुन्या आठवणी कशाला, नव्या कमी आहेत का? बाहेर निघालो की कुलूप तीनदा ओढून बघतात. कोपऱ्यापर्यंत गेलो की परत फिरतात, पुन्हा ओढतात. गॅस स्वतः बंद करतात आणि मला विचारतात, 'मी बंद केला ना?' आधी असे नव्हते हो. तुम्हाला तर माहीत आहे कधीपासून."

मी म्हणालो, "वय झालं की होतं तसं."

त्या 'ठेवते' म्हणाल्या.

मागच्या पत्रात मी अर्धंच सांगितलं. पहिल्या पत्राच्या वेळीही मला सगळं ठाऊक होतं, फक्त लिहायला हात धजत नव्हता. आता लिहितो.

बाजारनाक्यावर एक शिंपी आहे. त्याच्या दुकानावर कॅमेरा आहे हे मला उशिरा कळलं. गेलो तर म्हणाला, "माझ्या दुकानातून चोर काय नेणार, लोकांच्या मापाच्या चिठ्ठ्या? पण जावयाने बसवलाय, नको कसं म्हणणार?" काच पुसून त्याने मला चित्र दाखवलं. बस येते. उजवा दिवा लागतो, विझतो, लागतो, विझतो. बस वळायला लागते. मागून कार.

मी म्हणालो, "धडक बसते तिथे थांबवा."

थांबवलं. दिवा विझलेला.

"बघा," मी म्हणालो, "बंद आहे."

तोंडातला दोरा दातांनी तोडत शिंपी म्हणाला, "साहेब, तुम्ही थांबवलंत म्हणून बंद आहे. चालू करू का?"

दादा, मी त्या दुकानातल्या स्टुलावर बसलो. शिंप्याने पाणी दिलं. त्याला वाटलं, मला चक्कर आली.

माझ्या त्या पुस्तकातली सगळी उदाहरणं पुढच्या दिव्यांची होती. पुढचा दिवा एकदा लावला की लागलेलाच असतो. इंडिकेटर लावलेला असला तरी निम्मा वेळ तो विझलेलाच असतो. हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुला दहाव्या वर्षी कळत होतं, तू तोंडाने टिक म्हणायचास आणि दोन टिकांच्या मध्ये गप्प बसायचास. बावीस वर्षं भिंगातून बघणाऱ्या मला ते कळलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी, तुला पहिलं पत्र लिहायच्या आधी, गॅरेजमध्ये वीस नवे बल्ब घेऊन बसलो. बॅटरी, दिवा लुकलुकवणारा फ्लॅशर, बल्ब आवळून धरायचा शिकंजा, हातोडा. दिवा लुकलुकत असताना प्रत्येक बल्बला न बघता, मनात येईल तेव्हा एक दणका. मग एकेक भिंगाखाली. वीसपैकी अकरा तारा ताणलेल्या. नऊ थंड, चकचकीत. नऊ वेळा इंडिकेटर चालू होता आणि मी शपथेवर सांगितलं असतं की बंद होता.

म्हणून विचारलं होतं, टिकटिक सावकाश होती का. जितकी सावकाश, तितका मधला अंधार मोठा आणि तार थंड व्हायला तितका वेळ.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

फूटपट्टी


१२ मार्च

दादा,

आज तुझ्या अपघाताच्या चौकशीचं लिहितो, अकरा वर्षांपूर्वीच्या. त्या दिवसाबद्दल आपण एकदाही बोललो नाही.

लांब टेबल होतं, त्यामागे तीन साहेब. मधल्यासमोर पेपरवेट म्हणून बेअरिंग ठेवलेलं. तू भिंतीकडच्या खुर्चीवर, टोपी मांडीवर. हे काम मला नाकारता आलं असतं. फोरमन म्हणालाही होता, "अरे, हे दुसऱ्याला दे, भाऊ आहे तुझा." मी म्हणालो, "भाऊ आहे म्हणूनच मी बघणार." हे वाक्य मी आदल्या दिवशी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

तुला विचारलं, तू म्हणालास, "इंडिकेटर दिला होता. तीन टिक मोजल्या, मग वळलो."

मला विचारलं. मी उभा राहिलो, बल्ब पुढे ठेवला, भिंग फिरवलं. म्हणालो, "दिवा बंद होता. माणूस चुकतो, तार खोटं बोलत नाही." मधल्या साहेबांनी मान डोलावली. ती मान मला अजून दिसते, कारण तेव्हा ती फार आवडली होती.

मग तू म्हणालास, "मी बघू?" भिंग घेतलंस. बराच वेळ बघितलंस. ठेवताना काच वर करून ठेवलंस, ओरखडे पडू नयेत म्हणून, मी शिकवलं होतं तसं. आणि साहेबांना म्हणालास, "हा म्हणतोय तर नसेल दिला. हा चुकत नाही."

तू हे चिडून म्हणाला असतास तर मी निभावून नेलं असतं. तू ते खरं मानून म्हणालास. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताचं न ऐकता धाकट्या भावाचं ऐकलं.

त्यानंतर तुला तिकीटखिडकीवर बसवलं. चार महिन्यांनी तू नोकरी सोडून वहिनींच्या माहेरगावी निघालास. मी निरोप द्यायला आलो नाही, साइटवर काम आहे असं कळवलं. काम नव्हतं. स्टँडसमोरच्या सायकलच्या दुकानात उभा होतो. तू खिडकीजवळ बसलास आणि सुटायच्या आधी ड्रायव्हरच्या बाजूला वाकून काहीतरी बघितलंस. इंडिकेटरची खूण लागली का ते बघत होतास, हे मला तेव्हाही कळलं.

आणि माझं काय झालं? मी मोठा झालो. 'सख्ख्या भावालाही सोडत नाही' असं लोक माझ्याबद्दल बोलायला लागले. चहाच्या टपरीवर, कोर्टाच्या व्हरांड्यात. मी एकदाही 'राहू द्या हो' म्हटलं नाही. खाली बघून चहा ढवळायचो. दादा, माझी पाटी तुझ्या नावावर रंगवलेली आहे.

आता शेवटचं. हे लिहायचं नाही असं काल ठरवलं होतं.

तुझ्या गाडीला जी कार धडकली ती चालवणाऱ्या चित्रकलेच्या बाई. त्यांचा उजवा हात मनगटातून मोडला. त्यांना भेटायला तू तीनदा हॉस्पिटलात गेलास, मी कामासाठी एकदा. माझी तेव्हाची वही पेटीत होती, अण्णांच्या पेटीत, मीच खाली दडपून ठेवलेली. तिच्यात माझ्या अक्षरात त्यांचं बोलणं लिहिलंय: "धडकायच्या आधी काहीतरी लुकलुकलं. पिवळं नाही, नारिंगी. दोनदा तरी." त्याखाली मी लिहिलंय, 'बाई धक्क्यात आहेत, ग्राह्य नाही.'

वहीत आहे, अहवालात नाही. बल्ब बघून झाला होता, मला जे कळायचं ते कळलं होतं. पिवळा आणि नारिंगी यांतला फरक सांगणाऱ्या बाईंना मी धक्क्यात ठरवलं. बल्बच्या बाबतीत मी अडाणी होतो, ते एक वेळ माफ करता येईल. या वाक्याच्या बाबतीत अडाणी नव्हतो.

फूटपट्टी


२ एप्रिल

दादा,

झालं ते क्रमाने सांगतो.

बाजारनाक्याच्या अहवालात लिहिलं, बसचा इंडिकेटर चालू होता, बस दिवा देऊन वळत होती, कारने वळणावर पुढे काढायला नको होतं. ड्रायव्हर पुन्हा गाडीवर गेला. पेढे नको म्हटलं तर मुलीचा फोटो दाखवून गेला.

मग तुझा. इंडिकेटरच्या बल्बवरून मी आजवर सात अहवाल दिलेत. सातही मागे घेत असल्याचं तीन पानी पत्र लिहिलं, वीस बल्बांचा तक्ता जोडला, वहीतल्या त्या पानाची प्रत जोडली आणि स्वतः घेऊन डेपोच्या ऑफिसात गेलो. कारकून चष्मा कपाळावर सरकवून वाचत होता.

"अहो, अकरा वर्षांपूर्वीची फाइल. बंद झाली. आता कोण विचारतंय?"

"मी."

"तुमच्याविरुद्ध तुम्हीच?"

"हो. आवक क्रमांक टाका, तारीख टाका आणि प्रतीवर सही द्या."

"सही देतो हो. पण घरी विचारलंय का तुम्ही?"

मी सही घेऊनच निघालो. प्रत सोबत जोडली आहे. विमा कंपनीने कळवलंय की पुढचा निर्णय होईपर्यंत त्यांची कामं दुसऱ्याकडे जातील. जावीत. त्या दुसऱ्याला जाऊन मी वीस बल्बांचा तक्ता देऊन आलो.

चित्रकलेच्या बाईंकडेही गेलो. त्या आता डाव्या हाताने काढतात. दारातच म्हणाल्या, "मोजणारे तुम्हीच ना?" मी सगळं सांगितलं. हेही सांगितलं की अहवाल बदलला तर चुकीचा थोडा वाटा त्यांच्याकडे येईल. त्या म्हणाल्या, "येऊ दे. अकरा वर्षं मला सगळे सांगतायत की तुमचं काही चुकलं नाही, आणि मी डोळे मिटले की नारिंगी दिसतं. मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं."

"हो. वहीत आहे."

"वहीत असून काय उपयोग?" एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. तुझी चौकशी करत होत्या. हॉस्पिटलात तू त्यांना पेन्सिल डाव्या हातात धरायला लावली होतीस म्हणे. मला हे माहीत नव्हतं.

आता जे खरं आहे तेच लिहितो, तुला बरं वाटावं म्हणून वाढवत नाही. माझ्या प्रयोगाने तू इंडिकेटर दिला होतास हे सिद्ध होत नाही. फक्त एवढंच होतं की तो बल्ब बघून मला काही सांगता येत नव्हतं आणि तरी मी सांगितलं. बाईंचं वाक्य तुझ्या बाजूने आहे, पण तुझ्या त्या वळणावर दुकानांचे दिवेही होते. म्हणजे तार बाजूला काढली, तक्ता बाजूला काढला की उरतोस तू आणि तुझं बोलणं. ते पहिल्या दिवशीही होतंच. भंगारातल्या बसपासून तुझ्या शेजारी बसलेला माणूस मी, माझ्या गुडघ्याला विचारलं असतं तरी कळलं असतं.

तेव्हा मी तुझं ऐकलं नाही. आता विचारतोय. तपासनीस म्हणून नव्हे. तुझ्या हाताला काय आठवतं?

फूटपट्टी


१४ एप्रिल

फूटपट्टी,

सगळी पत्रं पोहोचली. हिने वाचली, शेजारच्यांनी वाचली, त्या कारकुनाची सही सगळ्यांनी बघितली. अक्षर फार बारीक काढतोस, आता वय झालं आमचं.

मी रागावलोय. अकरा वर्षं रागावायचं राहून गेलं होतं, कारण चूक माझी आहे असं धरून बसलो होतो. आता जोरात राग येतोय, जेवण जात नाही. तो पत्रात मावणार नाही. ये, म्हणजे समोर बसवून रागावतो. येताना पाना आण, बटणही आण. विमानाने येऊ नकोस, बसने ये, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बस आणि त्याला शहाणपणा शिकवू नकोस.

काल बाजारात निघताना कुलूप दोनदाच ओढलं. कोपऱ्यावर ही थांबली, माझ्याकडे बघत राहिली. मी पुढे चालायला लागलो. लगेच सगळं ठीक व्हायला मी काही तुझा बल्ब नाही.

तू पहिल्या पत्रात विचारलं होतंस त्याचं उत्तर. टिकटिक सावकाश होती. फोरमनला दोनदा सांगितलं होतं, फ्लॅशर बदल म्हणून.

तीन झाल्या होत्या. मी मोजल्या होत्या. वळता वळता चौथीची वाट बघत होतो, ती यायच्या आधी बाई आल्या.

दादा